लांब धावणाऱ्याचे नाव कुठे गेले? अंतर, मान आणि महाराष्ट्र : एक मालिका

१/ दिवा–पनवेल रेल्वेमार्गावर ‘नावडे रोड’ नावाचे लहानसे स्थानक आहे. एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला कळंबोली. महाराष्ट्रातील असंख्य गावांप्रमाणे या पनवेल पट्ट्यातही शिवजयंतीला तरुण मंडळी गडावर जातात, तेथे ज्योत पेटवतात आणि हातोहात देत, धावत ती गावी आणतात.

२/ या दौडीचे छायाचित्र निघते ते गावच्या वेशीवर. ढोल-ताशे, गुलाल, घोषणा आणि हातात मशाल घेतलेला शेवटचा धावपटू. रात्री दोन वाजता महामार्गाच्या कडेने, मागून येणाऱ्या टेम्पोच्या दिव्यात आपला टप्पा पुरा करणारा मुलगा त्या छायाचित्रात नसतो. दौड गडापासूनची, पण पाहिली जाते ती शेवटच्या शंभर पावलांची.

३/ ही गोष्ट एका गावापुरती नाही. जगातला सर्वांत वेगवान माणूस कोण, हे शाळकरी मूलही सांगते. पण २४ तासांत सर्वाधिक अंतर कोणी कापले? लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिनने २०२२ साली इटलीतील वेरोना येथे ३१९.६१४ किलोमीटर अंतर कापले. म्हणजे साडेसात मॅरेथॉन, एकामागून एक, प्रत्येक सरासरी सुमारे ३ तास १० मिनिटांत. हे नाव किती जणांनी ऐकले आहे?

४/ मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब शर्यतीला ‘अल्ट्रा’ म्हणतात. तिला छोट्या शर्यतींइतका मान का मिळत नाही, यावर ठरलेले उत्तर असे, की ती पाहायला कंटाळवाणी असते. इतिहास या उत्तराला पुरती साथ देत नाही. म्हणून आज थोडे मागे जाऊ : आधी ग्रीसमध्ये, मग पेशवाईत, मग पनवेल बंदरात.

५/ मॅरेथॉनची कथा सर्वांना ठाऊक आहे. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर अथेन्सने इराणी फौजेचा पराभव केला, एक दूत धावत अथेन्सला आला, विजयाची वार्ता सांगितली आणि कोसळून मरण पावला. अंतर सुमारे ४० किलोमीटर. अडचण एवढीच, की त्या युद्धाची हकीकत सर्वांत आधी लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या ग्रंथात ही दौड नाहीच.

६/ हिरोडोटस सांगतो ती दौड वेगळी. लढाईपूर्वी अथेन्सने फिलिप्पिडीस (काही हस्तलिखितांत फिडिप्पिडीस) या दूताला मदत मागण्यासाठी स्पार्टाला पाठवले. तो दुसऱ्याच दिवशी तेथे पोहोचला. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर. अशा दूतांना ग्रीक भाषेत एक स्वतंत्र शब्द होता; त्याचा अर्थ ‘दिवसभर धावणारा’. म्हणजे ही हौस नव्हती, तो पेशा होता.

७/ पण ही दौड फळली नाही. धार्मिक नियमामुळे पौर्णिमेपूर्वी निघता येणार नाही, असे स्पार्टाने सांगितले. दूत धावला २४० किलोमीटर, हाती आला नकार. लढाईनंतरच्या छोट्या धावेची कथा पाच-सहा शतकांनी प्लुटार्क आणि लुशियन यांच्या लेखनात येते. त्यात विजय आहे, मरण आहे आणि ऐकायला जमलेले नगर आहे. लोकांनी कोणती कथा उचलली, हे सांगायला नको.

८/ १८७९ साली इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगने या दोन्ही धावा एकाच दूताच्या नावावर गुंफल्या. पुढे ऑलिंपिकच्या पुनरुज्जीवनाच्या वेळी फ्रेंच भाषातज्ज्ञ मिशेल ब्रेआल यांनी मॅरेथॉनची शर्यत सुचवली. १८९६ साली अथेन्समध्ये ती सुमारे ४० किलोमीटरची झाली आणि शेवट ठेवला तो प्रेक्षकांनी खचाखच भरलेल्या स्टेडियममध्ये. स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक तरुण २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत प्रथम आला.

९/ ४२.१९५ हा आकडाही निसर्गनियम नव्हे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममधील शाही आसनासमोर संपली, त्यातून हे अंतर निघाले. १९२१ साली तेच प्रमाण ठरले. मॅरेथॉन कुठे संपावी, हे ‘कोण पाहणार आहे’ यावरून ठरले. हे सूत्र लक्षात ठेवा.

१०/ आता आपल्याकडे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘जासूद’, ‘काशीद’, ‘हरकारा’ हे शब्द पदोपदी भेटतात. जासूद म्हणजे हेर, तसाच पत्रे पोहोचवणारा पायदळ दूतही. पत्रे बहुधा दोघांच्या जोडीने धाडली जात; एक आजारी पडला वा पकडला गेला तरी दुसऱ्याने पुढे जावे. म्हणून पत्रांत ‘जासूदजोडी’ रवाना केल्याचे उल्लेख येतात.

११/ खास कामासाठी बोलीवर नेमलेल्या दूताला ‘अजुरदार’ म्हणत, त्याच्या मोबदल्याला ‘अजुरा’. पुणे, सातारा, नागपूर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली असा पसरलेला कारभार या पायांवर चालत होता. वाटेत घाट, नद्या, चोरटे आणि शत्रूच्या चौक्या. आजच्या भाषेत ही अनेक दिवसांची अल्ट्रा दौड, तीही आधारपथकाविना.

१२/ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा घात झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांच्या हाती एका सावकारी पेढीचे सांकेतिक पत्र आले आणि त्यातून अनर्थ कळला. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या रूपकातला त्याचा मजकूर महाराष्ट्राला पाठ आहे. ते पत्र शेकडो कोस वाहून आणणारे पाय मात्र शाळेच्या पुस्तकात भेटत नाहीत.

१३/ ही उपेक्षा मुद्दाम केलेली नव्हती. बखरकाराच्या नजरेत पराक्रम रणात घडतो. पत्र पोहोचवणे हे ‘काम’. काम झाले तर त्यात सांगण्यासारखे काय, आणि झाले नाही तर शिक्षा. जो माणूस यशस्वी झाल्यावर दिसेनासा होतो, त्याचा पोवाडा कोण रचणार?

१४/ पुढे कंपनी सरकारच्या काळात याच पायांवर टपालखाते उभे राहिले. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी बहुधा होडीने पनवेल बंदरात उतरे आणि खोपोलीवरून बोरघाट चढे. नावडे या बंदरापासून काही किलोमीटरवरचे गाव. आज जेथे कंटेनरच्या रांगा लागतात, तो मुलूख त्या काळी मुंबई–पुणे दळणवळणाच्या उंबरठ्यावर होता.

१५/ टपालाचा हरकारा खांद्यावर थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी किंवा भाला घेऊन धावे. घुंगरांनी वाटेतली जनावरे दूर होत आणि पुढच्या टप्प्यावरचा गडी सावध होई. एका माणसाने सारे अंतर कापायचे नव्हते. काही मैलांवर थैली पुढच्याकडे. पण रोज, पावसाळ्यातही, रात्रीही. १८५३ साली मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली, १८६३ साली बोरघाटातून गाडी वर चढली आणि मुख्य मार्गावरचा हा धावणारा माणूस आडवाटांकडे ढकलला गेला.

१६/ आता या मालिकेतला सर्वांत कठीण भाग. गावगाड्यात लांब धावण्याचे काम कोणाकडे होते? गावचा निरोप तालुक्याला पोहोचवणे, सरकारी वसुलाबरोबर जाणे, अधिकाऱ्याच्या स्वारीला वाट दाखवणे, मृत्यूची बातमी नातलगांच्या गावी नेणे ही कामे मुख्यतः महार वतनदारांच्या माथी होती. हाक आली की निघायचे. वेळ नाही, अंतराची मर्यादा नाही.

१७/ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच व्यवस्थेविरुद्ध. दिवसरात्र कोणत्याही घटकेला राबण्याचे बंधन, वतनदार हजर नसेल तर घरच्यांवर येणारा भार आणि बदल्यात तुटपुंजे बलुते व जमीन. हे ‘वतन’ म्हणजे सन्मान नसून बेडी आहे, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. ही वतने कायद्याने संपण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

१८/ येथे आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. ज्या समाजात लांब पल्ला कापणे हे सर्वांत खालच्या पायरीवर ढकललेल्या माणसाचे सक्तीचे काम होते, तेथे लांब धावण्याला ‘पराक्रम’ हा शब्द चिकटणे अवघड होते. घोड्यावर बसणाऱ्याला कीर्ती मिळाली. घोड्यापुढे धावणाऱ्याची गणना चाकरीत झाली. अंतर तेच, धूळ तीच.

१९/ हा दोष केवळ आपल्या जातिव्यवस्थेचा, असे मानून युरोपला मोकळे सोडता येणार नाही. तेथेही उमरावांच्या गाड्यांपुढे धावणारे चाकर असत. १८६० च्या दशकात लंडनमध्ये ‘हौशी’ खेळाडूंची मंडळे स्थापन झाली, तेव्हा त्यातल्या प्रमुख मंडळाने कारागीर व मजुरांना दारच बंद केले. शरीर वापरून पोट भरणारा माणूस खेळाडू कसा, हा त्यामागचा विचार.

२०/ आणि तरीही लांबची शर्यत लोकांना कंटाळवाणी वाटते, हे खरे नाही. १८७० आणि १८८० च्या दशकांत लंडन व न्यूयॉर्कमध्ये सहा दिवसांच्या शर्यतींना तुफान गर्दी होई. सहाच दिवस, कारण रविवारी खेळ निषिद्ध. मोठ्या सभागृहात गोल मार्ग आखायचा. स्पर्धकांनी हवे तेव्हा चालावे, धावावे, झोपावे. सहा दिवसांत ज्याचे अंतर जास्त, तो विजयी.

२१/ एडवर्ड पेसन वेस्टन, डॅनियल ओ'लिअरी, चार्ल्स रोवेल ही त्या काळची घरोघरची नावे. १८८० साली हैतीहून अमेरिकेत आलेल्या फ्रँक हार्ट या कृष्णवर्णीय धावपटूने न्यूयॉर्कमध्ये ५६५ मैल कापून ओ'लिअरी पट्टा जिंकला. १८८८ साली इंग्लंडच्या जॉर्ज लिटलवुडने सहा दिवसांत ६२३ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १००० किलोमीटर अंतर कापले. हा विक्रम १९८४ साली ग्रीसच्या यानिस कूरोसने मोडेपर्यंत ९६ वर्षे टिकला.

२२/ त्या शर्यतींत आजच्या अल्ट्रापेक्षा वेगळे काय होते? धावणारा प्रेक्षकांच्या नजरेआड जात नव्हता. फलकावर मैलांचा आकडा सतत चढे, वर्तमानपत्रे रोज बातमी देत, पैजा लागत. संध्याकाळी कामावरून सुटलेला मजूर तिकीट काढून येई आणि कालचा माणूस अजून चालतोच आहे, हे डोळ्यांनी पाही. पुढे पैजांतले गैरप्रकार, सायकलशर्यतींचे नवे आकर्षण आणि हौशीपणाचे सोवळे यांनी हा खेळ संपवला. त्याच्या जागी उभे राहिलेले ऑलिंपिक हौशी खेळाडूंचे होते.

२३/ पुन्हा महाराष्ट्रात येऊ. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला. तेथील मैदानी स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी ग्रामीण धावपटू पाहिले : शेतकरी घरांतले, अनवाणी, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नसलेले. तरीही लांब पल्ल्यातली त्यांची वेळ पाश्चात्त्य धावपटूंच्या तोडीची असल्याचे त्यांच्या लक्षात आले. भारताने ऑलिंपिकला संघ पाठवावा, या खटपटीला येथून जोर चढला.

२४/ १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी गेलेल्या सहा खेळाडूंत लांब पल्ल्याचे धावपटू होते : फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्लही त्याच संघात. मॅरेथॉनचे अंतर त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर होते. दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. बेळगाव भागातले चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले.

२५/ जरा थांबून विचार करा. भारताचा ऑलिंपिक संघ उभा राहिला, त्यामागे लांब धावणाऱ्या खेडुतांचे पाय होते. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरवाटा आणि बांध तुडवणाऱ्या लोकांत हे सामर्थ्य आधीपासून होते. ते ‘दिसले’ केव्हा? मैदानात, घड्याळासमोर आणि एका प्रतिष्ठित माणसाच्या नजरेसमोर आले तेव्हा. रानातली धाव चाकरी होती. मैदानात येताच ती क्रीडा झाली.

२६/ आता उलट बाजूचा पुरावा. महाराष्ट्र लांब पल्ल्याला मान देतच नाही का? देतो, आणि अपरंपार देतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली. वाटेवरचे प्रत्येक गाव वारकऱ्याला पाणी देते, भाकरी देते, त्याच्या पायांना तेल लावते. तेथे कोणी ‘तुमची वेळ किती’ असे विचारत नाही.

२७/ वारीला मान का मिळतो? अंतराच्या शेवटी विठ्ठल आहे, हे झालेच. पण वाट गावांतून जाते, मुक्काम ठरलेले आहेत आणि पाहणारा स्वतःही सोहळ्याचा भाग होतो, हेही कारण आहे. तरी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर काय येते? रिंगणात दौडणारा अश्व आणि वेळापूरजवळचा ‘धावा’, जेथे वारकरी उतारावरून पंढरीच्या ओढीने धावत सुटतात. २५० किलोमीटरमधली ती काहीच मिनिटे. नजरेला वेग आणि वर्तुळ हवे असते. वारीने ते स्वतःच्या पोटातच सामावून घेतले.

२८/ असेच एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ विक क्लॅपहॅम या सैनिकाने १९२१ साली ‘कॉम्रेड्स’ ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले, १६ पोहोचले. आज हजारो धावतात, रस्त्याच्या कडेला कुटुंबे चुली मांडून दिवसभर बसतात, दूरचित्रवाणी पहाटेपासून दाखवते. ठरलेल्या मुदतीला बंदूक वाजते आणि मागून येणाऱ्यांसाठी दार मिटते. त्या शेवटच्या मिनिटांत देश श्वास रोखतो.

२९/ मात्र सन्मानाच्या या कथेतही दार अनेकांना बंद होते. कृष्णवर्णीय धावपटू आणि स्त्रिया १९७५ पर्यंत अधिकृतपणे धावू शकत नव्हत्या. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हे कृष्णवर्णीय धावपटू शर्यत पुरी करून आले, पण अधिकृत निकालात त्यांना जागा नव्हती. कोणाची धाव मोजायची, हा प्रश्न अंतराइतकाच जुना आहे.

३०/ आजचे चित्र पाहू. जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत २४ तासांच्या धावेची आशिया-ओशनिया स्पर्धा झाली आणि भारतीय पुरुष संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. साबळेचे कौतुक सर्वस्वी योग्य होते. पण बंगळुरूची बातमी आपल्यापैकी कितीजणांपर्यंत पोहोचली?

३१/ येथे कारण संस्थात्मक आहे. अल्ट्रा धाव ऑलिंपिकमध्ये नाही, आशियाई खेळांतही नाही. शासकीय नोकरी, पुरस्कार, शिष्यवृत्ती यांचे निकष बहुतांशी त्या स्पर्धांना बांधलेले. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉन गाजवली, मग स्टीपलचेसकडे वळून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली आणि पुढे शासनाने त्यांना थेट सेवेत घेतले. दुष्काळी तालुक्यातल्या गुणी मुलीने २४ तासांच्या धावेचे स्वप्न पाहावे, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

३२/ आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप, कारण तो रास्त आहे. अल्ट्रामध्ये स्पर्धक कमी. जगातले सर्वोत्तम धावपटू पैसा आणि पदके असलेल्या अंतरांकडे जातात. त्यामुळे शंभर मीटरचा विजेता कोट्यवधींतून वर येतो, अल्ट्राचा विजेता काही हजारांतून. शिवाय डोंगरातल्या दोन शर्यतींची तुलना होत नाही. चढ वेगळा, हवा वेगळी. शंभर मीटर मात्र पुण्यातही शंभर आणि टोकियोतही शंभर.

३३/ आक्षेप खरा, पण तो कारण आणि परिणाम यांची गुंतागुंत करतो. स्पर्धक कमी म्हणून मान कमी, की मान कमी म्हणून स्पर्धक कमी? १८८० च्या न्यूयॉर्कमध्ये बक्षिसाची रक्कम होती, तेव्हा स्थलांतरित, मजूर, कृष्णवर्णीय, स्त्रिया असे नाना प्रकारचे लोक या खेळात आले. आटलेली विहीर दाखवून ‘येथे पाणी नव्हतेच’ असे म्हणता येत नाही.

३४/ आणखी एक गैरसमज. अल्ट्रा धावणारा मध्येच चालतो, खातो, बसतो. पाहणाऱ्याला वाटते, एवढे तर मीही करीन. वेगाच्या शर्यतीत आपली असमर्थता क्षणात दिसते. सहनशक्तीच्या शर्यतीत ती कळायला आपल्यालाही तितकेच तास द्यावे लागतात. सोरोकिनचा २४ तासांचा सरासरी वेग ताशी १३.३ किलोमीटर होता. या वेगाने आपण किती मिनिटे धावू शकतो, हे उद्या पहाटे खारघरच्या रस्त्यावर प्रत्येकाने तपासून पाहावे.

३५/ सारांश तीन वाक्यांत. लांब धावणे हे शतकानुशतके चाकराचे आणि सक्तीचे काम होते, म्हणून त्याला कीर्तीची भाषा लाभली नाही. खेळाची प्रतिष्ठा मैदान, घड्याळ आणि प्रेक्षक यांच्याभोवती बांधली गेली, म्हणून नजरेआड जाणारा धावपटू हिशेबाबाहेर राहिला. आणि जेथे समाजाने वाटेवर उभे राहून साक्ष दिली, वारीत असो वा कॉम्रेड्समध्ये, तेथे लांब पल्ल्याला मान मिळाला.

३६/ म्हणून प्रश्न केवळ एका क्रीडाप्रकाराच्या लोकप्रियतेचा नाही. इतिहासात कोण दिसतो, याचा तो प्रश्न आहे. अथेन्सचा ‘दिवसभर धावणारा’ दूत, पेशवाईतला जासूद, बोरघाटातला हरकारा, वेशीबाहेर राहून साऱ्या गावाचे निरोप वाहणारा वतनदार यांच्या पायांवर राज्ये चालली. त्यांच्या अंतरांची नोंद ठेवणे कोणालाही आवश्यक वाटले नाही, कारण अंतर त्यांचे असले तरी पत्र दुसऱ्याचे होते.

३७/ या मालिकेच्या वाचकांपैकी अनेकजण मोडी शिकत आहेत, हे ठाऊक आहे. पुढच्या वेळी जुने पत्र वाचताना मायना आणि मजकूर झाल्यावर थांबू नका. जासुदाला किती दिवसांची मुदत दिली, अजुरा किती ठरला, पत्र कोणत्या तारखेला निघाले आणि कोणत्या तारखेला पोहोचले, तेही उतरवून घ्या. दोन तारखा आणि दोन गावे मिळाली की अंतर काढता येते. आणि नाव सापडलेच, तर ते आधी लिहा.

(मालिका समाप्त. आपल्या घराण्यात कोणी टपालाचा हरकारा किंवा गावचा निरोप्या होऊन गेला असेल, तर त्याचा पल्ला आणि त्याच्या वाटेवरची गावे खाली अवश्य लिहा.)